ओल्या काठाचा माळ

जरा मागे सरा मंडळी, बांधावर उभे राहू नका. मेंढरं आधीच उतावीळ झाली आहेत, त्यात तुमचे हे रंगीत कपडे. समोर उतारावर जे हिरवं दिसतंय ना, तोच ओल्या काठाचा माळ. हुलगा आणि मटकी, मधल्या ओळींत ओवा नि शेपू. दरवर्षी गाव हे पेरतं, पण शेंगेला कुणी हात लावत नाही, सगळं मेंढरांचं. आणि तरी बघा, ऊन वर आलं तरी ती वाघरीच्या जाळीआड ओरडताहेत आणि त्यांना कुणी सोडत नाही. का, ते सांगतो. पण उभ्याउभ्याच सांगणार, या वेळी मला बसवत नाही.

असे सांगतात की फार पूर्वी इथे पावसाने वर्षानुवर्षं पाठ फिरवली होती. त्या काळी म्हाकू नावाचा धनगर आणि त्याची धाकटी बहीण ठकूबाई चाऱ्यासाठी गावोगाव भटकत होती. कळप दोघांचा, त्याखेरीज जगात त्यांचं काही नव्हतं. फिरत फिरत ती इथे आली. त्या साली सुरुवातीच्या दोन-चार सरींवर या उतारावर हैबतराव पाटलाचा हुलगा-मटकी दाट माजला होता, पण ऐन फुलोऱ्यात पावसाने दगा दिल्याने शेंग धरली नव्हती. पाटील म्हणाला, पाला तुमच्या मेंढरांचा, लेंड्यांचं खत माझं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत झाली. रात्री भोवती जाळी लावून मेंढरं माळाच्या कडेला बसवली.

पहाटे म्हाकू पाणी शोधायला निघाला. जाताना बजावून गेला, "म्या आल्याबगार सोडू नगंस." रित्या पोटी, अंगावर दव असलेल्या अशा पाल्यात मेंढरू घालायचं नाही, हे धनगराच्या लेकराला चालायच्या आधी कळतं. ठकूबाईलाही कळत होतं. पण मेंढरं पाल्याच्या वासाने अशी काही टाहो फोडत होती की तिला ते ऐकवेना. शेवटी तिने जाळी उचलली. निव्वळ मायेने उचलली हो, दुसरं काही नाही.

म्हाकू परतला तेव्हा ऊन चढून दव सुकलं होतं आणि मेंढरांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली होती. पाय झाडत एकेक आडवी होत होती. दिवस कलेपर्यंत अर्धा कळप गेला. म्हाकूच्या डोक्यात एकच शिरलं, पाटलाने इख घातलं, विष! आसपासचे धनगर काठ्या घेऊन जमले. गावाने कुऱ्हाडी काढल्या. पाटील बिचारा देवळाच्या पायरीवर शपथा घेत होता, पण त्याचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

ठकूबाई गप्प राहिली असती तर तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. दुसऱ्याने घात केला म्हणायला काय लागतं? पण रक्त सांडणार हे तिला दिसत होतं. ती दोन्ही जमावांच्या मधे येऊन उभी राहिली.

"दादा, इख न्हाई. म्याच सोडली मेंढरं, दव असताना."

म्हाकूला ते पटेना, की पटवून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. "पाटलाला वाचवतीस व्हय गं?" म्हणून तो अंगावर धावून गेला. तेव्हा तिने बिरोबाची आण घेतली. उरलेली मेंढरं उद्या याच माळात घालीन. आधी कोरडा कडबा, मग दव सुकू द्यायचं, आणि तोवर एक पान कुणाच्या तोंडी जाणार नाही. एक जरी मेंढरू फुगलं, तर मी तुमच्या हवाली आणि गावही तुमच्या हवाली.

सकाळी गावाने घराघरांतला उरलासुरला कडबा आणला. मेंढरांनी तो चघळला, पण नजर हिरव्यावर. नेमकं त्या दिवशी आभाळ भरलेलं, ऊन यायचं नाव घेईना. इकडे काठ्या, तिकडे कुऱ्हाडी, आणि मधे ही बाई. ती अनवाणी माळात जायची, लुगड्याचा काठ पाल्यावरून ओढत चालायची आणि परत येऊन काठ पिळायची. पाणी गळायचं. "थांबा," म्हणायची आणि पुन्हा निघायची.

तिच्या कडेवर एक कोकरू होतं. त्याची आई आदल्या दिवशी मेलेली. कडबा चावायला दाढा नव्हत्या, आणि उपासाने बाकीच्या मेंढ्यांच्या कासा आटलेल्या. कोवळा पाला तेवढा त्याने खाल्ला असता. ते ओरडायचं, तिचं बोट चोखायचं. म्हाकू कितीही रागावलेला असला तरी धनगरच तो, त्याला राहवेना.

"अगं, चार पानं पुसून दे की त्येला!"

"दिली तर उद्या म्हनशीला, चांगली पानं येचून दिली. आन् फिरून काठ्या उचलशीला," ती म्हणाली.

त्यानंतर किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही म्हणे. कोकराचा आवाज बारीक होत गेला, मग यायचाच बंद झाला. ती चालतच राहिली. शेवटी एकदा तिने काठ हातात घेतला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "सोडा." कोकराची मान तेव्हा तिच्या दंडावरून लोंबत होती.

मेंढरं आत गेली, दिवसभर चरली, एकही फुगलं नाही. म्हाकूने काठी टाकली आणि बहिणीजवळ कोकरू मागितलं. तिने दिलं नाही. दिवस मावळला तरी दिलं नाही म्हणे. इथे आलं की मला दर वेळी गलबलून येतं, हसू नका.

पाटलाने माळ मेंढरांच्या नावाने सोडला. पोट हलकं राहावं म्हणून ओवा-शेपूच्या ओळी गावच्या बायकांनी घातल्या, त्या तेव्हापासून.

आजही दसरा सरून दव पडायला लागलं की पहिल्या चराईला एक धनगरीण काठ बघायला माळात उतरते. ती थांबा म्हणेल तोवर पाटील असो की कलेक्टर, जाळीला कुणी हात लावत नाही. आणि कळपातलं सगळ्यांत रोडकं कोकरू तिच्या कडेवर देतात, उपाशीच. मागे एका पाहुण्या बाईंनी विचारलं होतं, ते बिचारं आईपाशी का नाही ठेवत? तेव्हा हा मान सांभाळणारी सारजाबाई म्हणाली, "त्ये खाली ठिवलं, तर थांबा म्हनायला काय जातंय?"

ऐकू येतंय ना ओरडणं? तेच ते कोकरू. आणि ती बघा, काठ पिळून पुन्हा माळात निघाली.