थाकूचं छप्पर

फार वर्षांपूर्वीची, या डोंगरात गाडीवाटही आली नव्हती तेव्हाची ही हकिकत. माळावर उभं राहिलं की खाली चार गावं दिसायची: तळसरे, कोंढवळ, भिवशेत आणि आंबीण. चारी गावांत मिळून टोपल्या विणणारी एकच बाई होती, आंबीणची थाकू बुरडीण. तिच्या हातात बांबू मेणासारखा वळायचा, असं म्हणतात.

सुईणही चार गावांना एकच होती, गजराबाई. बाळंतपणं करायची, तापावर मुळ्या उगाळून द्यायची. पण तिला वर्षभर पोसायची ऐपत एकाही गावात नव्हती. एखादं गाव तिला हौसेनं ठेवून घ्यायचं, तीन महिन्यांत कणग्या तळाला जायच्या आणि गजराबाई घाट उतरून भावाकडे निघून जायची. ती असायची तोवर मात्र त्या गावाचा तोरा काय विचारता. आमच्या दाण्यावरची सुईण, ती आमचंच दुखणं बघणार, म्हणायचे.

थाकूच्या लेकीला, येसूला, कळा लागल्या तेव्हा सुईण तळसऱ्यात होती. थाकूनं लेकीला झोळीत घालून तळसऱ्याच्या शिवेपर्यंत आणलं. तिथल्या पाटलानं झोळी शिवेवरच अडवली. येसू तिथेच गेली, पोटातल्या बाळासकट.

त्यानंतर थाकूनं एक टोपली विणली नाही. सुगी आली, सुपं फाटली, कणग्यांना भोकं पडली. चारही पाटील तिच्या दारात आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चारी गावं मिळून सुईण पोसा. ऱ्हाईल ती माळावर, चारी शिवा भिडत्यात तितं. मंग इनते."

गरज होती, पाटलांनी मान डोलावली. दाणे जमले. माळावर घर बांधायचं ठरलं, एकेका गावानं एकेक भिंत. आता गावं ती गावंच. तळसऱ्यानं भिंत छातीएवढी केली, म्हणून कोंढवळानं डोक्याएवढी केली, मग भिवशेतकरांनी शिड्या आणल्या. आंबीणचा तर दगडच संपला. चार भिंती चार उंचीच्या झाल्या आणि त्यांवर छप्पर बसवणं कुठल्याच सुताराला जमेना. दुसऱ्यानं आपली भिंत उतरवावी, असं जो तो म्हणे. चैत्र निम्मा सरला. राहायला छप्पर नाही म्हणून गजराबाई बोचकं बांधू लागली. इकडे थाकूच्या सुनेला, चंद्रीला, नववा लागला होता.

एका दुपारी चारी गावांची माणसं भिंतींवरून भांडायला माळावर जमली होती, आणि त्याच दुपारी चंद्रीच्या कळा सुरू झाल्या. थाकूनं तिला त्या उघड्या भिंतींत नेऊन निजवलं. गजराबाई आत बसली. आभाळ काळंठिक्कर झालं, गार वारा सुटला. थाकू बाहेर बांबूच्या कांबी घेऊन बसली आणि घराएवढी चटई विणू लागली. बोटं रक्ताळली तरी हात थांबले नाहीत. शेवटी शेवटी कांबी आपणहून एकमेकींत शिरत होत्या, असं म्हणतात.

चटई झाली, पण बांधायला वेळ उरला नाही. पहिलं टोक धरलं ते झोळी अडवणाऱ्या पाटलानं. मग चारी गावांचे गडी भिंतींवर चढले. चटईच ती, उंच भिंतीवर उंच झाली, बुटक्या भिंतीवर वाकली. लिंबाएवढ्या गारा पडल्या. माणसांची डोकी फुटली, पण कोणी टोक सोडलं नाही. आत एकही गार पडली नाही, असं म्हणतात.

मुलगी झाली. त्याच पाटलानं भिंतीवरूनच विचारलं, "थाकाबाय, पोर कंच्या गावची म्हनायची?"

"ह्या छपराखालची," थाकू म्हणाली. आणि येसू गेल्यापासून पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.

आता माळावर पक्का दवाखाना आहे. त्याची औषधं, त्याची गाडी, सगळं चार गावं मिळून चालवतात. दर चैत्रात चारी गावांतून बांबू येतो, मोठी चटई विणतात आणि सगळे मिळून ती डोक्यावर धरतात. एरवी दवाखान्यात आलेल्या माणसाला नाव विचारतात, वय विचारतात, काय दुखतंय ते विचारतात. गाव कोणी विचारत नाही.