एका फोनपुरतं ऊन

“म्हणजे ही धुनी कधीच विझलेली नाही?”

खांबेट्यांनी विचारलं आणि उत्तर ठाऊक असल्यासारखे ते गुहेच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

गिरजामाई राख सारखी करत होत्या. नाथपंथी जोगीण, वयानं वाकलेल्या. कोंडाईच्या पठारावरच्या या गुहेत त्या एकट्याच राहत. खालच्या गावातले लोक सांगत, माईंच्या गुरूंच्या गुरूंनी पेटवलेली धुनी आजवर अखंड जळते आहे.

“विझली की,” माई म्हणाल्या.

“कधी?”

“गेल्या पावसाळ्यात. पाणी आत आलं. त्याच्या आधीबी विझली असंल.”

“मग?”

“खालच्या वाडीतनं विस्तव आणला.”

“आणि तोवर?”

“तोवर थंडी वाजली.”

खांबेट्यांना हे उत्तर नको होतं.

मुकुंद खांबेटे ठाण्याचे. वीज कंपनीतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. दर हिवाळ्यात ते पठारावर येत, गुहेपासून हाकेच्या अंतरावर तंबू ठोकत, काही दिवस राहत आणि परत जात. या वेळी मात्र ते परत जायचं नाव काढत नव्हते.

त्यांच्या तंबूपुढे एक घडीचं सोलर पॅनेल पसरलेलं असे. पुस्तकासारखं उलगडायचं, मिटलं की पिशवीत मावायचं. सूर्य सरकेल तसे खांबेटे ते सरकवत, खाली दगड लावून तिरकं करत. पॅनेलच्या मागे, सावलीत, वायरीला एक फोन जोडलेला असे. सावलीत अशासाठी की उन्हात फोन तापतो.

“मी माझं विझू दिलेलं नाही, माई,” ते म्हणाले. आवाजात ताठा होता. तो त्यांचा त्यांना कळत नव्हता.

“काय रे?”

“ऋजुताचा फोन.”

ऋजुता त्यांची मुलगी. एकुलती एक. काही वर्षांपूर्वी मित्रमैत्रिणींबरोबर याच पठारावर मुक्कामाला आली होती. सकाळी तिनं फोन या पॅनेलला लावला आणि पाणी आणायला घळीत उतरली. शेवाळावरून पाय गेला. सोबतच्यांनी तिला वर आणलं तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. सामान आवरताना कुणाच्या तरी लक्षात आलं, तिचा फोन अजून चार्ज होतो आहे.

त्यांनी फोन आणि पॅनेल दोन्ही खांबेट्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून तो फोन बंद पडलेला नव्हता. घरी नाही, प्रवासात नाही, इथंही नाही.

“ती गेली तेव्हा तो सुरू होता,” खांबेटे म्हणाले. “तो सुरू आहे तोवर...”

माईंनी वाक्य पुरं करायला सांगितलं नाही.

“मला इथंच राहू द्या. दीक्षा द्या. घरी माझं आता काही उरलेलं नाही. तुम्ही तुमची धुनी सांभाळा, मी हे सांभाळीन. इथं ऊन भरपूर असतं.”

माईंनी वर पाहिलं. आभाळ राखेच्या रंगाचं होतं.

“मळभ आहे म्हणून,” खांबेटे घाईनं म्हणाले. “एरवी असतं.”

“दाखव बघू.”

दोघं तंबूपाशी आले. खांबेटे उकिडवे बसले. देव्हाऱ्यातला टाक काढून दाखवावा तसा त्यांनी फोन दोन्ही हातांवर धरला, बटण दाबलं. पडदा उजळला.

“उघडतो का ह्यो?”

“नाही. तिचा पासवर्ड मला माहीत नाही. एवढंच दिसतं.”

“कुणाचा फोन येतो?”

“आधी यायचे. आता नाही कुणाचा.”

पडद्यावर एका बाईचा फोटो होता. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी, हात पिठाचे, कुणीतरी मागून हाक मारल्यावर वळून हसलेली.

“हीच का लेक?”

“नाही. ही तिची आई. शैला.”

“तीबी गेली?”

“नाही... नाही, माई. घरी आहे.”

माई फोटोकडे बघत राहिल्या.

“चांगली हसते.”

“हसायची.”

“आता?”

वारा आला. पॅनेलचा कोपरा फडफडला. खांबेट्यांनी त्यावर दगड ठेवला, तो पुन्हा पुन्हा नीट केला.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

तंबूच्या तोंडाशी त्यांचे बूट होते. एका बुटात दुसरा फोन खुपसलेला होता. माईंनी तो काढला. काळाठिक्कर.

“ह्यो?”

“माझा.”

“मेलाय.”

“पॉवर बँक संपली. असल्या हवेत पॅनेल कसंबसं एक फोन भरतं. दोन लावले की दोन्ही उपाशी राहतात. म्हणून मग...”

“म्हणून तुझा बंद.”

“हो.”

“कवापासून?”

“आलो त्याच दिवशी ढग आले, तेव्हापासून.”

“आणि घरनं बायकोनं फोन केला तर?”

“करत नसेल ती.” खांबेटे जमिनीकडे बघत म्हणाले. “आम्ही फारसं बोलत नाही, माई. भांडण नाही काही. ती माझ्यासमोर रडत नाही, मी तिच्यासमोर रडत नाही. ती स्वयंपाकघरात असते, मी गॅलरीत. जेवायला एकत्र बसतो. आमटी वाढू का, एवढं ती विचारते.”

“आणि तू?”

“मी वाटी पुढे करतो.”

माईंनी तो बंद फोन आपल्या छाटीला पुसला. नीट, दोन्ही बाजूंनी. तो खांबेट्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्या शेजारच्या दगडावर बसल्या.

त्या काही सांगतील म्हणून खांबेटे वाट बघत राहिले.

बऱ्याच वेळानं खांबेट्यांचा हात वायरीकडे गेला. थांबला. पुन्हा गेला. त्यांनी मुलीच्या फोनमधून वायर काढली. पडदा उजळला, शैला क्षणभर हसली आणि पडदा मिटला.

वायर त्यांनी आपल्या फोनला लावली.

ऊन पातळ होतं. फोन जागा व्हायला वेळ लागला. झाला, तेव्हा रेंजची एकच दांडी आली, गेली, पुन्हा आली. मग तो हातातल्या हातात थरथरू लागला.

“वाच,” माई म्हणाल्या.

खांबेट्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“‘पोहोचलात का?’”

“हं.”

“‘कानटोपी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.’” त्यांनी पडदा वर सरकवला. “‘फोन लागत नाही. तिकडे ढगाळ असेल.’”

माईंनी मान हलवली.

“‘आज तिची खोली उघडली. झाडून घेतली. तिच्या उशीला अजून...’”

ते थांबले.

“पुढं?”

“पुढे काही नाही. एवढंच लिहिलंय.” त्यांनी पुन्हा पाहिलं. “ती त्या खोलीत जातच नव्हती, माई. मीपण नाही. दाराला कडी घातली ती घातलीच...”

माई ऐकत होत्या.

“एकटीच गेली आत,” खांबेटे म्हणाले.

त्यांनी फोन लावला. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा लागला. पठारावर एवढी शांतता होती की पलीकडचं माईंनाही ऐकू आलं.

“हं.”

“शैला, मी आज निघतोय.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

“काही खाल्लंत का?”

“हो.”

“नाही खाल्लंत,” ती म्हणाली. आणि रेंज गेली.

खांबेटे फोन कानाला तसाच धरून बसले. मग उठले. तंबूच्या खुंट्या उपटल्या, कापड गुंडाळलं. सोलर पॅनेल मिटायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. ढग दाटूनच होते. त्यांनी पॅनेल मिटलं, पट्टा ओढला, पाठपिशवीत सरकवलं.

ऋजुताचा फोन हातात राहिला. बटण दाबलं. बॅटरीची खूण लाल झाली होती.

“गावात उतरेपर्यंतसुद्धा टिकणार नाही,” ते म्हणाले.

माईंनी जमिनीवर राहिलेली एक खुंटी उचलून पिशवीत घातली.

“इतकी वर्षं टिकवला, माई.”

“टिकवलास.”

“तुम्ही म्हणत असाल तर थांबतो. उद्या ऊन पडेल. तो भरतो, मग जातो.”

माईंनी पाठपिशवी उचलून त्यांच्या खांद्यावर दिली. वजन जास्त होतं. पट्टा सरळ करून त्या बाजूला झाल्या. समोर खाली उतरणारी वाट होती.

खांबेटे चार पावलं गेले. थांबले. फोन त्यांनी छातीशी धरला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा तोंडावर ताठा नव्हता, अभियंता नव्हता. थकलेला एक बाप होता.

“माई... हा बंद पडला तर?”

“तर दोघं मिळून रडा.”