पात्यातली चीर

“दोष भट्टीतच आहे, असं नाही वाटत तुम्हाला?”

निनाद कारखानीसने तिसऱ्यांदा विचारलं. केसराबाईंनी तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. त्या उकिडव्या बसून भट्टीच्या तोंडातून आत बघत होत्या, आजारी गाईचा जबडा उघडून बघावा तशा.

भट्टी देखणी होती, यात वाद नव्हता. आग विझवायच्या जुन्या नळकांड्याचं पोट कापून ती केली होती. आत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भट्टीतून काढलेली पांढरी, न जळणारी लोकर, तळाला पडक्या धुराड्याच्या विटा. बर्नरसाठी मोडक्या पंपाचा पाइप, त्याच्या टोकाला वेल्डिंगच्या बंदुकीचं तांब्याचं तोंड. सगळं भंगारातलं. निनाद तंत्रनिकेतनात शिकवायचा, आणि त्याची ही भट्टी बघायला लोक लांबून लांबून यायचे.

केसराबाई सोळंके कोळशाच्या भट्टीवरच्या. फलटणबाहेरच्या घिसाडी वस्तीत त्यांनी साठ वर्षं घण मारला. नवरा लोखंड धरायचा, त्या ठोकायच्या. तो गेल्यावर दोन्ही कामं त्यांच्याकडे आली. गेल्या वर्षी निनाद दोन महिने दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला यायचा. मग एकदा म्हणाला, “आजी, कोळशाचे दिवस गेले आता.” आणि यायचा थांबला.

आठ महिन्यांनी आज उगवला होता, गाडीत भट्टी घालून.

“पेटव,” केसराबाई म्हणाल्या.

त्याने पेटवली. निळी ज्योत आत वळली, भट्टी घुमायला लागली. थोड्याच वेळात विटा लाल झाल्या. म्हातारी बघत राहिली.

“चांगली केलीस की रं.”

हेच शब्द ऐकायला आठ महिन्यांपूर्वी तो लोटांगण घालत आला असता. आज ते त्याला बोचले.

“नाही, आजी. मागच्या बाजूला जास्त तापते. बर्नरचा कोन चुकलाय.”

“काय?”

ऐरणीजवळच्या साठ वर्षांनी त्यांचे कान नेले होते. त्या ओठांकडे बघून समजून घ्यायच्या. तो मोठ्याने परत बोलला.

“मग लोखंड फिरवत ऱ्हायाचं.”

“विटाही जुन्या आहेत...”

“विटा ब्येस हायेत.”

“गॅसचा दाब कमीजास्त होतो.”

“हुतोय. चाक हाय की हाताशी.”

आरोपीला बांधून न्यायाधीशापुढे आणावं आणि न्यायाधीशाने त्यालाच चहा पाजावा, तसं झालं. निनादला घाम फुटला. तो भट्टीच्या धगीचा आहे असं दाखवत त्याने रुमालाने तोंड पुसलं.

“कशापायी आलायस?” केसराबाईंनी विचारलं.

त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

फडक्यात एका सुरीचे दोन तुकडे होते. पातं मुठीपासून चार बोटांवर तुटलेलं. मुठीकडच्या तुकड्यावर निनादचं नाव कोरलेलं होतं, वळणदार अक्षरांत.

“कुनाची?”

“शालनताई भोईटेंची. आमच्या कॉलेजपाशी त्यांची खानावळ आहे. मी जेवतो तिथेच, सात वर्षं झाली. मी त्यांना भेट दिली होती. गेल्या मंगळवारी लाल भोपळा चिरताना तुटली.”

“आन् हात?”

“...उजवा. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. डॉक्टर म्हणतात, बोटं आता पुरती वळणार नाहीत.”

केसराबाईंनी तुकडे उचलले. जिथे तुटलं होतं ती कड उजेडाकडे धरली. तुटलेलं लोखंड राखाडी चमकत होतं, दळलेल्या मिठासारखं. पण धारेकडचा करंगळीच्या नखाएवढा भाग काळा होता.

त्यांनी त्या काळ्यावरून अंगठा फिरवला.

“ह्ये काळं कवाचं?”

“गंज असेल.”

“आठ दिसांत?”



ते काळं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. ज्याने एकदा तरी लोखंडाला पाणी दिलंय त्याला ते ठाऊक असतं. तापलेलं पातं थंड करताना चिरलं की चीर आतून काळी पडते, आणि नंतर कधी मोडलं तर ती नव्या मोडीशेजारी वेगळी दिसते. पातं मोडलं मंगळवारी. चिरलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

“पानी दिलंस तवा आवाज आला व्हता?”

“नाही.”

शब्द तोंडातून पटकन निसटला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

केसराबाईंनी भट्टीकडे बघितलं. “ही लई घुमती.”

“हो ना,” निनाद घाईघाईने म्हणाला. “त्या आवाजात कळलंच नसेल...”

म्हातारीने मान डोलावली. त्याने पुढे केलेला आधार तिने काढून घेतला नाही, आणि त्यामुळेच त्यावर उभं राहणं त्याला जड जाऊ लागलं.

त्या उठल्या. अंगणातल्या ढिगातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक वीतभर तुकडा घेतला, सांडशीत धरला आणि निनादच्या भट्टीत सरकवला.

तुकडा लाल झाला. मग नारिंगी. मग पिवळट.

“जास्त तापलं, आजी.”

त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. तुकडा पांढुरका होऊ लागला तसा त्यांनी ओढला आणि पाण्याच्या कुंडीत बुडवला.

वाफेचा लोट उठला. पाणी चरचरलं. आणि त्या चरचरीतून, भट्टीच्या घुमण्यातूनही, एक बारीक आवाज आला. बांगडी पिचावी तसा.

टिंग.

निनादने झटकन कुंडीकडे पाहिलं.

केसराबाई लोखंडाकडे बघत नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या.

“माझं कान गेल्यात. तुझं धड हायेत. आवाज आला का न्हाई, तू सांग.”

नाही म्हणणं सोपं होतं. बहिऱ्या म्हातारीपुढे कुणी साक्षीदार नव्हता. भट्टी घुमत होती.

निनादने हात लांबवला आणि गॅस बंद केला. ज्योत फडफडली, विझली. एवढी शांतता पसरली की शेजारच्या झोपडीत कुणीतरी तांदूळ पाखडत होतं ते ऐकू यायला लागलं.

“आला,” तो म्हणाला.

“आन् त्या दिशी?”

“त्या दिवशीही आला होता.”

मग तो थांबला नाही. खाली मान घालून बोलत सुटला. म्हातारीला ओठ दिसत नव्हते, तरी तो बोलत राहिला.

तीन महिन्यांपूर्वी कॉलेजात भट्टीचं प्रात्यक्षिक होतं. तीसेक माणसं जमली होती, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. पातं सावकाश थंड व्हावं म्हणून तेलात बुडवायचं होतं. त्याने पाण्यात बुडवलं. वाफ उठावी म्हणून, लोकांनी ‘वा’ म्हणावं म्हणून. लोक ‘वा’ म्हणाले. त्याच क्षणी त्याने आवाज ऐकला. आजूबाजूला बघितलं, दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. घरी नेऊन भिंगाखाली बघितलं तर केसाएवढी रेघ. त्याने ती कानशीने घासली, पॉलिश केली. ती दिसेनाशी झाली आणि त्याने स्वतःला सांगितलं की ती गेली. मग नाव कोरलं. मग सगळ्यांसमोर, टाळ्यांत, सुरी शालनताईंच्या हातात दिली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली होती.

“आणि आता त्या काय म्हणतात माहीत आहे?” निनादचा आवाज फाटला. “म्हणतात, पोराची सुरी चांगली होती, मीच धसमुसळी, मीच जोर लावला. येईल त्याला सांगतात. डाव्या हाताने वाढतात, आणि मी जेवतो, आजी. मंगळवारपासून रोज दोन वेळा जेवतोय तिथे. परवा त्यांनी मला आमटी जास्त वाढली. म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस.”

त्याला वर बघवेना. लहानपणी चोरी पकडली गेल्यावर कान तापायचे तसे त्याचे कान तापले होते. पण तेव्हा निदान कुणीतरी एक थप्पड मारायचं.

“आजी, बोला की काहीतरी. शिव्या द्या.”

केसराबाईंनी सांडशीतला तुकडा ढिगावर टाकला. दोन्ही हात पदराला पुसले.

निनादने मान वर केली आणि गार होत चाललेल्या भट्टीला पाय लावला. “ही फोडून टाकतो आजच. पुन्हा हातोडा धरणार नाही मी.”

“भट्टीनं काय केलंय?”

त्याने पाय मागे घेतला.

मग म्हणाला, “तुम्ही चला माझ्यासोबत. मला एकट्याने सांगता येणार नाही.”

केसराबाई घरात गेल्या. आत तांब्याचा आवाज झाला. पाणी घेऊन आल्या, त्याच्यापुढे धरलं. तो ते प्यायला नाही. मग त्यांनी ते खाली ठेवलं, सुरीचे दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले, वर गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“आज जेवलास?”

“अजून नाही.”

“मग जेवायच्या आदी सांग.”

निनाद उठला. भट्टी गाडीत चढवायला त्याने वाकून हात घातला. केसराबाईंनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे हितंच.” त्याने ती सोडली. गाठोडं छातीशी धरून तो गाडीपर्यंत गेला, दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

परत फिरला. म्हातारीला ओठ दिसतील इतका जवळ आला.

“आजी... मी पुन्हा शिकायला आलो तर चालेल? कधी येऊ?”

केसराबाईंनी त्याच्या हातातल्या गाठोड्याला बोट लावलं.

“तिनं तुज्याकडं दुसरी सुरी मागितली, की ये.”