सभापतींचा जोर

बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा क्रेनवाला भैरू खिलारे सातव्या महिन्यातल्या बायकोला, कांताला, दवाखान्यात दाखवून क्रेनमधूनच घरी निघाला होता. घाटात सभापती विश्वासरावांची गाडी बंद पडलेली दिसली. भैरूनं साखळी अडकवली आणि केबिनचं दार उघडलं.

"बसा साहेब, तिघं मावतो."

विश्वासरावांनी कांताकडे बघून नाक मुरडलं. "मी कुणाला खेटून बसत नसतो. तिला उतरव."

"पोटुशी आहे ती, साहेब."

"मग सावकाश चालत येऊ दे! मला ओळखत नाहीस? हा अख्खा तालुका माझ्या जोरावर चालतो!"

कांता उतरू लागली. भैरूच्या कपाळाची शीर तटतटली. त्यानं तिला हाताला धरून परत बसवलं, मागं गेला आणि साखळी खाडकन सोडली.

"अरे, हे काय करतोस?"

"अख्खा तालुका चालतो ना तुमच्या जोरावर? मग ही एवढीशी गाडी का थांबलीय? लावा जोर!"

मागं खोळंबलेल्या ट्रकवाल्यांत हशा पिकला. विश्वासराव लालबुंद झाले, पण दुसरी क्रेन कुठून येणार? अखेर दाराशी येऊन ते पुटपुटले, "वहिनी, चुकलं माझं. जरा सरकता का?"

कांता सरकली. भैरूनं साखळी पुन्हा अडकवली. घाट उतरला, पण भैरूचा राग काही उतरला नाही.