करपलेलं तेल

एकदा एका माणसानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेतीनशे घोडे बांधले. घोडे म्हणजे अश्वशक्ती. त्याचं नाव निवास. दिवसा तो सूतगिरणीत यंत्रं सांभाळी आणि संध्याकाळी शेडमध्ये एका भंगारात निघालेल्या मोटारीला पुनर्जन्म देई. दोन वर्षं त्याचं हे तप चाललं होतं. तप हा शब्द ऐकून कुणी नाक मुरडू नये. ज्यानं एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला आहे, त्याच्या कामाला तोच शब्द शोभतो.

त्या मोटारीचा प्राण होता तिचा टर्बो. इंजिन जो धूर टाकून देतं, त्याच धुराच्या झोतावर टर्बोतलं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात दाबून हवा भरतं. हवा वाढली की बळ वाढलं. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तो तरतो कशावर? करंगळीहून बारीक अशा नळीतून येणाऱ्या तेलाच्या पातळ थरावर.

ही नळी निवासच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं केली होती. दाजींचं नाव सर्जेराव. त्यांचं घराला लागून लेथचं दुकान. आठ महिने ते आपलं काम उरकून रोज संध्याकाळी शेडवर आले. नळी वाकवली, क्लॅम्प बसवले, धुराचा पाइप तीनदा कापून तीनदा जोडला. निवासनं "दाजी, जरा" म्हणायचं आणि दाजींनी बाह्या सरसावायच्या, असा तो काळ होता.

मग गाडी पळू लागली, आणि महिन्याभरात टर्बो जळाला. दुसरा बसवला, तोही जळाला. निवासनं नळी सोडवली, तर आतून काळी कच, खरखरीत भुकटी पडली. शेडमध्ये चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "दाजी, नळीतला लोखंडाचा कीस तरी धुवायचा होता! तुमच्या हातानं माझी दोन वर्षं खाल्ली."

"निवास, तू गाडी बंद कुठं..." दाजींनी विचारायला तोंड उघडलं होतं.

"पुरे झालं, दाजी."

दाजींनी हात पुसले, पाना जागेवर ठेवला आणि ते गेले. त्यानंतर ते शेडवर आले नाहीत. बहीणही फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणू लागली.

निवासनं तिसरा टर्बो बसवला. चौथा आणणं त्याला शक्य नव्हतं. तेव्हा कचेची पुडी खिशात घालून तो आपल्या गुरूकडे, आक्कांकडे गेला.

आक्का शहात्तर वर्षांच्या. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या. पण पन्नास वर्षं शेतावरची ऑइल इंजिनं त्यांनी उघडली आणि लावली. निवास त्यांच्याच हाताखाली शिकला, सर्जेरावही.

"आक्का, मला नवी नळी करून द्या. तुमच्या हातची."

"सर्जाची काढून?"

"व्हय."

या धंद्याची एक रीत आहे. एका मिस्त्रीचं काम दुसऱ्या मिस्त्रीनं, त्यातही गुरूनं, काढून टाकलं की पहिल्याचं नाव गावात पुसलं जातं. पुन्हा त्याच्या दारी नाजूक काम कुणी आणत नाही. निवासला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो आला होता. त्यानं पुडी उघडली. "हा बघा पुरावा."

"पुरावा वकिलाला दाखव. मला आधी गाडीत बसव."

"गाडीत? आणि नळीचं काय?"

"यंत्र उघडायच्या आधी चालवणारा बघावा. चल. आणि दार सावकाश लाव, लेका, पदर अडकतोय माझा."

बाह्यवळणाच्या मोकळ्या रस्त्यावर निवासनं गाडी सोडली. टर्बोची शीळ चढत गेली आणि पाठी खुर्चीला चिकटल्या. आक्कांनी ना डोळे मिटले, ना देवाचं नाव घेतलं. त्या फक्त म्हणाल्या, "झकास." दोन वर्षांत निवासनं याहून मोठं काही ऐकलं नव्हतं.

परतताना गाडी त्याच्या कॉलनीच्या तोंडाशी आली. इथून घरापर्यंत उतार आहे. नेहमीप्रमाणे निवासचा हात किल्लीकडे गेला, आणि आक्कांनी त्या हातावर फाटकन चापट मारली.

"अहो, इथं मी बंदच करतो," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता. "गल्लीत पोरांचा अभ्यास असतो, म्हातारी माणसं असतात. उतारानं आपोआप दारात जाते. एकाचीही तक्रार नाही आजवर."

"रोज असंच?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आज होऊ दे तक्रार."

आक्कांनी किल्लीवर तळहात ठेवला तो काढलाच नाही. गाडी घुमत दारात आली आणि उभ्या उभ्या घुमतच राहिली. खिडक्यांची तावदानं थरथरली. समोरचे निवृत्त हेडमास्तर बनियनवर बाहेर आले.

"निवास! अरे, घरी आलास ना? बंद कर ते धूड!"

"गुरुजी, तीन मिनिटं," आक्कांनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तीन मिनिटं कशाला?"

"तास संपल्याबरोबर तुम्ही वर्गातून पळत होता काय?"

"मी? छे! मी घंटा झाल्यावरसुद्धा पोरांच्या शंका..."

"मग टेका की जरा कट्ट्यावर."

गुरुजी टेकले. निवास शरमेनं घामाघूम झाला. आजवर सांभाळलेलं त्याचं चांगलं नाव ही म्हातारी तीन मिनिटांत घालवत होती, आणि का, ते सांगतही नव्हती. हळूहळू इंजिनाचा श्वास मात्र खाली येत गेला. मग आक्कांनी हात उचलला. "आता कर बंद."

शांतता झाल्यावर त्यांनी पुडी मागितली. पिशवीतून लोहचुंबक काढून कचेवरून फिरवलं. एक कणही उडाला नाही. मग चिमूटभर कच दोन बोटांत चुरडली. बोटं काजळीनं माखली.

"सर्जाची नळी पोलादाची. तिचा कीस असता तर चुंबकाला चिकटला असता. हे करपलेलं तेल आहे, निवास. पळून आल्यावर टर्बो निखाऱ्यासारखा असतो. तू किल्ली फिरवलीस की तेल जागच्या जागी थांबतं, पण ताप थांबत नाही. मग तेल जळतं. आज कणभर, उद्या कणभर. सर्जाच्या नळीनं तुझं जळलेलं तेलही पोटात घेतलं आणि वरून आळही घेतला."

निवासनं त्यांच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"तू वाईट माणूस न्हाईस. साऱ्या गल्लीला जपलंस. फक्त जो तुझ्यासाठी राबून तापला होता, त्याच्याकडं दार दिसल्याबरोबर पाठ फिरवलीस. राबून आलेल्याला निवायला वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ आपण त्याच्याजवळ थांबायचं. उपकार जाणणं म्हणतात ते एवढंच. हार घालणं सोपं असतं रे, थांबणं अवघड."

"मला हे कुणी सांगितलंच नाही, आक्का."

"सर्जानं विचारलं नव्हतं तुला, गाडी बंद कुठं करतोस म्हणून? तोच सांगत होता मला. तू त्याला पुरं बोलू दिलंस?"

निवासनं मान खाली घातली. गाडी पळाली त्या दिवसापासून आपण दाजींना एकदाही जेवायला थांबवलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी आठवलं. काम होतं तोवर हाक होती. काम संपलं आणि हाकही संपली.

"आणि नळी?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू दे तीच. इतकी सुबक आता माझ्या हातून वाकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निवास चालत दाजींच्या दुकानी गेला. दाजी लेथवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता काय उडालं?"

"काही नाही."

"मग? काय पाहिजे?"

"काही नको, दाजी. बसायला आलोय."

दाजींनी लेथ बंद केलं नाही. पण पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. निवास बसला. बराच वेळ पोलादाची सळई सोलली जात राहिली. मग तो म्हणाला, "नळी चांगली होती. तेल मी करपवलं. त्या चौघांनाही मी जाऊन सांगणार आहे."

"नळी चांगली होती ते मला ठाऊक हाय," दाजी म्हणाले. "केली कुणी?"

थोड्या वेळानं त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए, भाऊ आलाय तुझा. काम काही न्हाई म्हणतोय. भाकरी टाक."

बहीण पिठाच्या हातांनीच उंबऱ्यात आली आणि स्टुलावर बसलेल्या भावाकडे नुसती बघत राहिली.