मास्तरांची पाचर

एका जिल्ह्याच्या गावी, छापखान्यांच्या गल्लीत, एकदा एक वृद्ध मुद्रक दारोदार मागत फिरू लागले. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. घरी मुलगा-सून होती, दोन वेळचे गरम जेवण होते, कशाची ददात नव्हती. तरी ते प्रत्येक छापखान्याच्या पायरीवर उभे राहत आणि म्हणत, "तुमच्या कटिंग मशीनची पाचर मला द्या."

पाचर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवढा वेळ खाली पाहिले तरी चालेल. कागदाची जाड थप्पी एका दमात कापणारे हे यंत्र. त्याला दोन बटणे असतात, एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेली, आणि दोन्ही एकाच वेळी दाबली तरच पाते खाली येते. कारण अगदी साधे आहे. दोन्ही हात बटणांवर असले, की एकही हात पात्याखाली नसतो. यंत्र घडवणाऱ्याने माणसाच्या शहाणपणावर भरवसा न ठेवता केलेली ही तजवीज आहे आणि ती बिघडवायला कायद्याची मनाई आहे. आमच्या लोकांनी तिच्यावर तोड काढली. जाड कागदाची घट्ट घडी करून ती डाव्या बटणाच्या फटीत ठोकायची. ते बटण दाबलेलेच राहते. मग उजव्या हाताने उरलेले बटण दाबायचे आणि मोकळ्या डाव्या हाताने थप्पी सरळ करत राहायचे. काम दीडपट होते. त्या घडीला गल्लीत पाचर म्हणत, आणि एकही दुकान तिच्यावाचून नव्हते.

या वृद्ध गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. निम्मे मालक आणि जवळजवळ सगळे कारागीर त्यांच्या हाताखाली शिकलेले होते, त्यामुळे कोणी तोंडावर उलट बोलले नाही. त्यांनी चहा विचारला, खुर्ची पुढे केली, पाचर काढून दिली, आणि मास्तरांची पाठ वळताच एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले. म्हातारा चळला, अशी बातमी दुपारच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली.

त्या टोकाला मास्तरांच्या शेवटच्या शिष्याचा छापखाना होता. शिष्य म्हणजे चाळिशी ओलांडलेला संसारी माणूस. बातमी ऐकताच तो हातातले काम टाकून निघाला. मास्तरांची टवाळी त्याला सहन होणारी नव्हती हे खरे, पण त्याच्या पायांना गती दिली ती भीतीने. त्याच्याही यंत्रात पाचर होती, आणि त्या यंत्रावर त्याची वहिनी काम करत होती. थोरला भाऊ गेल्यावर रिकामे बसून राहायचे नाही म्हणून ती छापखान्यात येऊ लागली, आणि सहा वर्षांत तिच्यासारखा कटिंगचा हात गल्लीत दुसऱ्या कोणाचा राहिला नाही. तिची पहिली पाचर शिष्याने स्वतः करून दिली होती. मास्तर आपल्या दारात पोहोचण्याआधी त्यांना गोड बोलून घरी न्यावे, असा त्याचा बेत होता.

बेत फसला. मास्तरांनी त्याचे सगळे ऐकून घेतले, पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागले. तोही मुकाट्याने मागे गेला.

मास्तर कशामुळे निघाले हे त्याला कळत होते. आठ दिवसांपूर्वी याच गल्लीत एका कारागिराच्या डाव्या हाताची चार बोटे पात्याखाली गेली होती. त्याचे नाव हैबती चौगुले. या कथेत नाव त्या एकाचेच सांगतो, कारण बाकी सगळ्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत. अशा अपघाताची खबर मालकाने सरकारला लेखी द्यावी लागते. ती दिली गेली, आणि कारणापुढे 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. यंत्र धुऊन-पुसून चौथ्या दिवशी त्यावर दुसरा माणूस बसला. गल्ली हळहळली. त्याने लक्ष द्यायला हवे होते, असे जो तो म्हणाला, आणि म्हणताना प्रत्येकाला मनातून वाटले की आपले लक्ष असते.

तेव्हा मास्तर या मालकांना लाजवायला निघाले आहेत, असे शिष्याने धरले. ते मास्तरांच्या स्वभावाला धरूनही होते. ऐन उमेदीत ते एका मोठ्या छापखान्याचे फोरमन असताना रोज सकाळी सगळ्यांना रांगेत उभे करून नियम म्हणून घेत. बाह्या कोपराच्या वर. पट्ट्यावरची जाळी काढायची नाही. रूळ धुताना यंत्र बंद, पेट्रोलचा डबा झाकलेला, खिडकी उघडी. आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून म्हणायचे, दोन हात, दोन बटणे. कोणाच्या गळ्यात रुमाल लोंबताना दिसला तर मास्तर त्याला दिवसभर यंत्राजवळ फिरकू देत नसत. शिष्याला ते नियम अजून तोंडपाठ होते.

नऊ दुकाने झाली. एकाही ठिकाणी मास्तरांनी उपदेशाचा शब्द काढला नाही. पाचर हातात आली की ती उलटसुलट करून पाहत, मान हलवत आणि पिशवीत टाकत. शिष्याला वाटले, आता दहावे दुकान आपले, म्हणून त्याने मास्तरांना गल्लीतून परत फिरवून चहाच्या गाड्याकडे नेले. तेवढाच वेळ निघाला असता. जाताना मास्तर पहिल्या दुकानाच्या खिडकीखाली थबकले आणि त्यांनी कान दिला. आत पाते पडत होते. दोन हातांनी काम करणाऱ्याला थप्पी सोडून बटणांकडे यावे लागते, म्हणून दोन घावांमध्ये थोडी उसंत राहते. ही उसंत त्या आवाजात नव्हती. मास्तरांनी पाचर नेऊन दोन तासही झाले नव्हते, आणि नवी बसली होती. दुसऱ्या दुकानातून तोच आवाज आला, आणि तिसऱ्याही. मास्तर चहाला थांबले नाहीत. ते सरळ शिष्याच्या छापखान्याकडे वळले.

वहिनीने त्यांना पाहून यंत्र थांबवले आणि ती पदर सारखा करून बाजूला उभी राहिली. मास्तरांनी पिशवी टेबलावर पालथी केली. नऊ पाचरी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या आणि शिष्याला म्हणाले, "कुठली कोणाची आहे, ओळखून सांग."

शिष्याने पाहिले. कुठे लग्नपत्रिकेचा कागद होता, कुठे वहीचा पुठ्ठा, कुठे औषधाच्या खोक्याचा. पण घडी एकच होती. तीन वेळा दुमडलेली, कड नखाने दाबलेली, आणि एक कोपरा उलटा वळवून बाहेर काढलेली बोटाच्या पेराएवढी शेपटी. या दुकानांचे कित्येक मालक एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. कोणी कोणाकडून काही शिकायचा प्रश्न नव्हता. शिष्याला उत्तर आठवू लागले होते.

मास्तरांनी कचऱ्यातली एक वाया गेलेली पत्रिका उचलली. वयामुळे त्यांचा हात कापत असे. चहाची बशीसुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागे. घडी घालताना मात्र तो कापला नाही. त्यांनी दहावी पाचर बाकीच्यांच्या रांगेत ठेवली, आणि ती वेगळी ओळखू येईना.

"ही शेपटी कशासाठी, आठवतं?" त्यांनी विचारले.

शिष्याला आठवत होते. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम होता, दोन बटणांचे नवे यंत्र आले होते आणि काम मागे पडत चालले होते. तेव्हा मास्तरांनी ही युक्ती काढली. एके दिवशी इन्स्पेक्टर अचानक दारात उभे राहिले. मास्तर त्यांना नमस्कार करायला पुढे झाले आणि जाता जाता चिमटीत शेपटी धरून त्यांनी पाचर अशी काढून घेतली, की इन्स्पेक्टरांना पत्ताही लागला नाही. रांगेतली सगळी पोरे त्या क्षणी मास्तरांवर लुब्ध झाली होती. शिष्य त्यांत होता, आणि हैबतीही होता.

मास्तर खाली बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "नियम मी तुमच्याकडून चौदा वर्षं रोज म्हणून घेतले. ते तुमच्या तोंडात राहिले. ही मी एकदाच करून दाखवली, ती तुमच्या हातात गेली. तुम्ही ती तुमच्या हाताखालच्यांना दिली. आता ती कुठल्या कुठल्या गावांत असेल, मला माहीत नाही. हैबतीला दवाखान्यात बघायला गेलो, तर तो मला पाहून उठायला लागला. त्याला वाटलं, मी रागवायला आलोय. म्हणाला, मास्तर, पाचर तुम्ही शिकवलीत तश्शीच घातली होती, त्यात माझी कसूर नाही."

मग शिष्याने विचारले, की पाचरी गोळा करून आता काय होणार.

"काही नाही. येताना तूही ऐकलंस की."

"मग कशाला फिरता मास्तर, या वयात?"

"घरी बसवत नाही," मास्तर म्हणाले.

शिष्य उठला आणि त्याने यंत्राच्या डाव्या बटणाकडे हात नेला. त्याला वाकून पाहावे लागले नाही. बोटांना शेपटी आपोआप सापडली. पाचर त्याने मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी त्याला शाबासकी दिली नाही. वहिनीकडे पाहून त्यांनी हात जोडले, तिला अवघडल्यासारखे झाले, आणि मास्तर सगळ्या पाचरी पिशवीत भरून निघून गेले.

शिष्याला हलके वाटले. उशिरा का होईना, आपल्या दुकानापुरती तरी ही चूक संपली, असे तो मनाशी म्हणाला आणि समोर प्रुफे घेऊन बसला. वहिनीने यंत्र सुरू केले. पहिल्याच थप्पीला तिने उजवे बटण दाबले आणि तिचा डावा हात सवयीने पात्याखाली कागद सारखा करायला गेला. यंत्र जागचे हलले नाही. तिने हसून हात मागे घेतला, दुसरे बटण दाबले, पाते पडले. दुसऱ्या थप्पीला तेच झाले. पाचव्या-सहाव्या थप्पीनंतर तिचे हसू गेले. शिष्याने प्रुफे वाचण्याचे सोंग सोडून दिले आणि तो नुसता पाहत राहिला. उजवा हात बटणावर, डावा पात्याखाली, आणि वर थांबून राहिलेले पाते. दर वेळी. गेली सहा वर्षे तो हात असाच दर वेळी आत जात आला होता, आणि दर वेळी केसाएवढ्या अंतराने परत येत होता. यालाच गल्लीत लक्ष असणे म्हणत. आजवर काही झाले नाही यात कोणाचीच कर्तबगारी नव्हती, हे त्याला तिथे बसून दिसले.

पाच वाजता वहिनीने यंत्र बंद केले. तिच्या बाजूला रोजच्याहून बरीच लहान चळत उभी होती. ती टेबलापाशी आली.

"भावजी, उद्या पाचर द्या. अशानं सोमवारी वह्या जायच्या नाहीत."

शिष्याने नाही म्हटले. मग त्याने तिला सगळे सांगितले. हैबतीचे, मास्तरांचे, आणि तो दुपारभर काय पाहत बसला होता तेही. तिने ते शांतपणे ऐकले. हैबतीच्या बायकोला ती दोनदा डबा देऊन आली होती, मास्तरांचे बोलणेही तिने ऐकले होते, तिला यातले काही नवे नव्हते. शिष्याचा चेहरा पाहून तिला त्याची दया आली असावी, कारण त्याच्या मनावरचे ओझे उतरवावे तसे ती मायेने म्हणाली, "तुम्ही नका देऊ मग. मला येते की करायला. तुम्हीच तर शिकवलीत."

दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी मास्तर कसे उभे राहिले असतील, हे शिष्याला तेव्हा समजले. तिला अडवायला त्याच्याकडे फक्त शब्द होते, आणि शब्दांचे काय होते ते त्याने मास्तरांच्याच तोंडून ऐकले होते. तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. ते शाईने डागळलेले होते, दहाही बोटे जागच्या जागी होती, आणि त्याच्याशी बोलता बोलता ती टेबलावरचा एक जाड कागद दुमडत होती.