झुपकी आणि लाल फीत

बोरवाडीच्या मैदानाला एक बुटकी भिंत. दर रविवारी तिथं सशांची कबड्डी. आणि दर रविवारी भिंतीवर खारींचं कुटुंब! बाबा, आई, ताई, दादा आणि इवलीशी झुपकी.

पाच शेपट्यांवर एकच लांब लाल फीत. कारण सशांचा संघ लाल! ससा "कबड्डी कबड्डी" करत निघाला, की पाचही जण दम धरायचे. ससा परत आला, की सोडायचे. हुश्श!

आज मोठा सामना होता. ससे आणि मुंगसं! पण झुपकी रुसली.

"दरवेळी मीच का शेवटी? मला मधे बसायचंय!"

"पुढच्या रविवारी हं," आई म्हणाली.

झुपकीनं ओढली फीत. दिली भिरकावून. भिर्रर्र!

"मी येतच नाही, जा!"

फीत पडली बोरीच्या काट्यात. चौघं भिंतीवर चढले. शिट्टी वाजली, पिर्रर्र! झुपकी खाली एकटी. तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बोरीकडे.

"बोरीताई, बोरीताई,
वाऱ्यानं उडाली फीत,
काट्यात अडकली फीत.
वाका ना!"

वारा? वारा तर गाढ झोपला होता, बरं का!

बोर म्हणाली, "फांदी सुकलीय गं. वाकले तर मोडेन. पाटाला सांग, पाणी दे."

मैदानातून आवाज आला, "अरेरे!" ससा बाद झाला.

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली पाटाकडे.

"पाटदादा, पाटदादा,
वाऱ्यानं उडाली फीत,
काट्यात अडकली फीत.
बोर काही वाकेना.
वाहा ना!"

पाट म्हणाला, "वाटेत दगड बसलाय. वाहू कसा? म्हशीला सांग, दगड ढकल."

मैदानातून आवाज आला, "अरेरे!" आणखी एक ससा बाद झाला.

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली म्हशीकडे.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी,
वाऱ्यानं उडाली फीत,
काट्यात अडकली फीत.
बोर काही वाकेना,
पाट काही वाहेना.
उठा ना!"

म्हैस म्हणाली, "पाठीवर गोचिडं चावतात, बाई! मी नाही उठायची. बगळ्याला सांग, गोचिडं टिप."

मैदानातून आवाज आला, "अरेरे! अरेरे!"

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बगळ्याकडे. धाप लागली, डोळे भरले.

"बगळेदादा, बगळेदादा,
वाऱ्यानं उडाली फीत,
काट्यात अडकली फीत.
बोर काही वाकेना,
पाट काही वाहेना,
म्हैस काही उठेना.
चला ना!"

बगळा एका पायावर उभा. त्यानं मान वाकडी केली.

"वाऱ्यानं? आज तर पानही हललं नाही. खरं सांग, तर येतो."

झुपकीची शेपटी खाली. मग हळूच म्हणाली,

"मीच फेकली फीत. रागानं फेकली फीत. चुकलं माझं."

"चल!" म्हणाला बगळा.

बगळा उडाला, फडफड फडफड.
गोचिडं टिपली, टकटक टकटक.
म्हैस उठली, हंऽऽ!
दगड ढकलला, धपाक!
पाट वाहिला, खळखळ खळखळ.
बोर प्यायली, गटगट गटगट.
फांदी वाकली, करकर करकर.
फीत सुटली, सुळ्ळकन!

झुपकी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

पिर्रर्र! शिट्टी वाजली.

सामना संपला होता. ससे हरले होते. मान खाली घालून घरी निघाले होते.

झुपकी भिंतीवर चढली. बघते तर काय? एका बाजूला ताई आणि आई. एका बाजूला बाबा आणि दादा. आणि मधे जागा रिकामी. इवलीशी जागा.

"ही कुणाची?"

"तुझीच," बाबा म्हणाले. "पहिल्या शिट्टीपासून ठेवलीय."

झुपकीला रडू फुटलं. "बाबा, मीच फेकली होती फीत. चुकलं माझं. माझ्यामुळे हरलो का आपण?"

"छे गं! मुंगसं चपळच होती. पण आज आम्हाला मजाच आली नाही. तुझ्याशिवाय दमच धरवेना."

"परत खेळतील आज?"

"नाही, बाळा. आजचा सामना संपला."

झुपकी मधे बसली. आईनं फीत पसरली. पाच शेपट्या, एक फीत. समोर मैदान रिकामं. कुणीच खेळत नव्हतं.

"बाबा, तरी एकदा दम धरूया?"

बाबा म्हणाले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

पाचही जणांनी दम धरला. झुपकीनं सगळ्यांत जास्त धरला.

हुश्श!